आतली शेगडी

मुलांनो, आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत तळमजल्यावर प्राणिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका राहतात. त्यांच्या हातात सदैव शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा असतो. "अहो, किती खाता?" असं विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. "मी नाही, माझी शेगडी खाते, अंगात ऊब ठेवणारी. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपले पूर्वज उंदराएवढे होते. थंड रात्रीही हिंडता यावं म्हणून त्यांच्या अंगात ती पेटली असावी. तेव्हापासून आपण तिला सरपण घालतोय." डबा मात्र त्या कुणापुढे करत नाहीत.

परवा सकाळी कडाक्याच्या थंडीत पार्किंगमध्ये एक धामण ताठ पडलेली दिसली. सेक्रेटरी काठी घेऊन आले, तशा बाई मध्ये उभ्या राहिल्या.

"बाजूला व्हा, मॅडम. चावेल."

"बिनविषारी आहे ती, आणि गारठलीय. तिची शेगडी म्हणजे सूर्य. ऊन इथवर येईपर्यंत थांबा."

"मला ऑफिस आहे."

"मग जा की. तिचं काही तुमच्यावाचून अडलेलं नाही."

सेक्रेटरी गेले नाहीत, काठीही खाली ठेवेनात. मी भीतीने जिन्यातूनच पाहत होते. बराच वेळ गेला, पण बाईंनी डबा उघडला नाही. अखेर ऊन सरकत आलं. धामण हळूहळू सैलावली आणि सळसळत कुंपणाबाहेर निघून गेली.

बाई पायरीवर बसल्या. त्यांची लाडवाची वेळ कधीच टळून गेली होती. त्यांनी डबा उघडला आणि आधी सेक्रेटरींपुढे धरला.

"घ्या. तुमचीही विझत आली असेल."

सेक्रेटरींनी काठी भिंतीला टेकवली आणि दोन लाडू उचलले.