बिनझाकणाचं भांडं घेऊन मिरजेला

शुक्रवारी संध्याकाळी ब्लॉगवर एक निरोप आला. कुपवाडला राहणाऱ्या वर्षाताई नावाच्या वाचकांनी लिहिलं होतं, "तुमच्या त्या निळ्या भांड्याचं झाकण आमच्या मावशीकडे आहे, असं वाटतंय." सोबत फोटो होता. मी तो मोठा करून बघत बसले आणि गॅसवरचा वरणाचा कुकर किती शिट्ट्या देऊन गेला ते मला कळलंच नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी साताऱ्यात राहते आणि जुनी युरोपियन चिनीमातीची भांडी जमवते. आपल्या भागात ती बरीच सापडतात. संस्थानिकांच्या घरांतून, महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांतून, मिशनच्या दवाखान्यांतून ती कधीतरी बाहेर पडली आणि मिळेल त्या घरात जाऊन बसली. माझ्याकडचं सगळ्यात देखणं भांडं इंग्लंडमधलं. सूप वाढायचं, लांबट गोल, दोन्हीकडे कान असलेलं. इंग्रजीत याला ट्युरीन म्हणतात. पांढऱ्या अंगावर निळी छापील नक्षी: ओढ्याकाठी चरणाऱ्या मेंढ्या आणि मागे एक पडका बुरूज. लोणंदला स्टेशनजवळच्या भंगारवाल्याकडे ते मिळालं, तेव्हा त्यात नट-बोल्ट भरलेले होते. झाकण मात्र नव्हतं. पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारांत, ओळखीच्या सगळ्या संग्राहकांकडे मी ते शोधून थकले होते.

भांड्याच्या बुडाला कारागिराने ब्रशने केलेली खूण आहे, दोन रेघा आणि एक ठिपका. फोटोत झाकण उताणं ठेवलेलं होतं. आतल्या बाजूला दोन रेघा आणि एक ठिपका.

मी लगेच फोन लावला. वर्षाताई म्हणाल्या, "मावशी निवृत्त नर्स आहेत. मिरजेतले सगळे त्यांना सुलोचना सिस्टर म्हणतात. त्यांचं म्हणणं, भांडं घेऊन या, फोटोवर बोलायचं नाही. आणि ताई, रविवारी मुंबईचे जुन्या वस्तूंचे एक व्यापारी पण झाकण बघायला यायचेत."

म्हणजे शनिवारीच निघायला हवं होतं. नवऱ्याची बदली सध्या लडाखला, त्यामुळे सोबतीला माझे सासरे, आप्पा. निवृत्त सुभेदार. माझ्या छंदाबद्दल त्यांचं मत पहिल्यापासून ठाम आहे.

"झाकणासाठी मिरजंला?" त्यांनी विचारलं. "अगं, स्टीलचं बसव की एखादं."

पण सकाळी गाडीपाशी माझ्याआधी तेच तयार उभे होते. चिनीमातीचं भांडं प्रवासात न्यायचं तर आत मऊ कपडे कोंबायचे, बाहेरून गोधडी गुंडाळायची आणि खोक्यात ते हलणार नाही असं बसवायचं. वर्तमानपत्राच्या बोळ्यांवर भरवसा ठेवू नका, ते दबतात. एवढं सगळं करून मी खोकं मागच्या सीटवर ठेवलं, तर आप्पांनी ते उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

महामार्ग कराडपर्यंत ठीक होता. टोलला फास्टॅगमधले पैसे आधी बघून घ्या, आम्ही तिथे उगाच खोळंबलो. कराडला मिसळ खाल्ली, झणझणीत आणि खिशाला अगदी हलकी. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. रस्त्याचं काम चाललेलं, पुढे उसाच्या ट्रॉल्या, मध्येच खडी, मध्येच खड्डा. प्रत्येक धक्क्याला आप्पा खोकं दोन्ही हातांनी वर उचलून धरायचे.

"हळू चालव गं. माझी कंबर गेली तरी चालंल, ह्येला काय व्हायला नगं."

आष्ट्याला ते चहालाही उतरले नाहीत. मी त्यांना कप गाडीत नेऊन दिला. सांगलीत कृष्णेचा पूल ओलांडला तेव्हा त्यांचे हात भरून आले होते, पण खोकं सोडायला ते तयार नव्हते.

सिस्टरांचं घर मिरजेच्या एका शांत गल्लीत, दोन खोल्यांचं, लख्ख. कोनाड्यात पितळी बुद्धमूर्ती, शेजारी मोगऱ्याची चार फुलं. सिस्टर ऐंशीच्या पुढच्या, पण पाठ ताठ. वर्षाताईंनी ओळख करून दिली. सिस्टरांनी पाणी विचारलं आणि मग सरळ म्हणाल्या, "काढ बघू."

मी गोधडी सोडली. सिस्टर जवळ आल्या नाहीत. लांबूनच म्हणाल्या, "डाव्या कानाच्या खाली बोट फिरव. टवका लागतोय?"

मी बोट फिरवलं. टवका होताच. इतकी वर्षं मी तो फोटोत येऊ नये म्हणून भांडं वळवून ठेवत आले होते.

"तो माझ्या हातनं उडालाय," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

मग त्यांनी सांगितलं. मिरजेच्या मिशन दवाखान्यात तेव्हा इंग्रज मेट्रन, म्हणजे मुख्य नर्स, होत्या. सिस्टर नर्सिंगची परीक्षा पास झाल्या त्या रात्री मेट्रनबाईंनी त्यांना आपल्या टेबलावर जेवायला बोलावलं होतं.

"आमच्या वस्तीतल्या माणसाला कोण आपल्या पंगतीत घेत नव्हतं ते दिवस. गावात पाणीसुद्धा वरनं ओतायचे. आणि तिथं टेबलाच्या मधोमध हे भांडं, बाईंनी झाकण काढलं आणि पहिली वाटी मला वाढली. डॉक्टर बसले होते, त्यांच्या आधी मला."

मेट्रन मायदेशी परतताना हे भांडं सिस्टरांना देऊन गेल्या. पुढे सिस्टरांची बदली लोणंदला झाली, तेव्हा सोबत तेही गेलं. परत येताना झाकण साड्यांत गुंडाळलेलं होतं, ते आलं. भांडं ज्या खोक्यात होतं ते मात्र रद्दीबरोबर कुणीतरी भंगारात देऊन टाकलं. "महिनाभर शोधलं मी," त्या म्हणाल्या. "मग कपाटात नुसतं झाकण ठेवलं."

त्या उठल्या, झाकण घेऊन आल्या. मूठ कळीच्या आकाराची. त्यांनी ते भांड्यावर टेकवलं, किंचित फिरवलं, आणि ते जागेवर बसलं. मधे फट नाही, डुगडुगणं नाही. काठावरची निळी वेल वर-खाली जुळली. आप्पा पुटपुटले, "बसलं की गं." वर्षाताईंनी डोळे पुसले.

मी झाकण मागायला आले होते. रस्ताभर काय बोलायचं ते मनात घोळवलं होतं. आता माझे हात भांड्याच्या दोन्ही कानांवर होते आणि ते काही केल्या सुटत नव्हते. माझ्या संग्रहातलं सगळ्यात सुंदर भांडं पहिल्यांदाच पूर्ण झालं होतं. ते तसंच उचलून न्यावं, असं आतून फार वाटलं. मग मी हात काढले.

"सिस्टर, हे तुमचं आहे. इथेच राहू दे."

"फुकट नको," त्या ताडकन म्हणाल्या. "तू विकत घेतलंयस."

मी नाही म्हणायची, त्या ऐकायच्या नाहीत. शेवटी आप्पा मधे पडले. "सिस्टर, उद्या जेवाय घाला आमास्नी. ह्याच्यातच वाढा. मंग फिटलं."

सिस्टर पहिल्यांदा हसल्या.

रात्री आम्ही स्टेशनजवळच्या साध्या, स्वच्छ लॉजवर राहिलो. रविवारी सकाळी मिरजेत असाल तर सतारमेकर गल्लीत जरूर जा. भोपळे टांगलेली दुकानं, तारा जुळवणारे कारागीर, आणि कुणी विकत घ्या म्हणून मागे लागत नाही.

दुपारी सिस्टरांच्या घरी पोचलो तर दाराबाहेर चपलांचा ढीग. त्यांच्याबरोबर नोकरी केलेल्या नर्स जमल्या होत्या, कुणी काठी टेकत, कुणी सुनेचा हात धरून. मधोमध ट्युरीन. सिस्टरांनी झाकण उचललं आणि आत कृष्णाकाठची भरली वांगी, वर तेलाचा तवंग. पहिली वाटी आप्पांना, दुसरी मला. भांड्याच्या तळाशी एक मेंढी छापलेली आहे. रस्सा कमी होत गेला तशी ती दिसायला लागली.

तेवढ्यात मुंबईचे व्यापारी आले. नेमके, सभ्य गृहस्थ. झाकण बघायला आलेल्या माणसाला पूर्ण जोड दिसली आणि ते दारातच थबकले. मग त्यांनी एक आकडा सांगितला. आप्पांचा घास हातातच राहिला.

सिस्टरांनी पळी भांड्यात बुडवली. "विकायचं नाही. हात धुऊन या, वांगी आहेत अजून."

ते खरंच बसले आणि दोनदा वाढून घेतलं. सगळ्या नर्स इतक्या मोठ्याने हसत होत्या की शेजारच्या खिडक्या उघडल्या. मी इतकी वर्षं चिनीमाती जमवते आहे, पण त्या दुपारी मला कुणीतरी मोठा करंडक हातात दिल्यासारखं वाटत होतं.

परतीच्या वाटेवर सांगलीत भडंग घेतलं. आप्पांची मांडी मोकळी होती, पण हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

घरी कपाटातली मधली जागा रिकामी आहे. तिथे दुसरं काही ठेवावंसं अजून वाटलेलं नाही. वर्षाताई मधूनमधून फोटो पाठवतात. एकदा आत खीर होती, एकदा मटणाचा रस्सा.

आणि परवा आप्पा वाईला एका लग्नाला गेले होते. आले ते पिशवीतून टॉवेलात नीट गुंडाळलेली एक बशी काढत.

"विलायती हाय का बघ गं. बाजारात दिसली."

मी उलटी करून पाहिली. "नाही आप्पा, आपल्याकडचीच आहे. फार जुनीही नाही."

त्यांनी बशी परत घेतली, चष्मा लावला, उजेडाकडे धरली. "असू दे," म्हणाले. "छाप कसा वळखायचा, तेवढं दाव."

मी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले.