शिंप्याचे दंड

हारो गावातल्या आमच्या गल्लीत माझी खानावळ आहे. समोर एलिसेओच्या आईचं शिवणाचं दुकान आणि त्याच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, नाँग पास्तोरची, म्हणजे पास्तोरदादाची, व्यायामशाळा. गल्लीला मी थोरल्या बहिणीसारखी, म्हणून सगळ्यांची मानांग लुमेन.

एलिसेओ लहानपणी इतका काटकुळा होता की त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. ‘हीर’ म्हणायचे. खराट्याची हीर. बाप बंदरावर हमाल होता, तो लवकर गेला. आईने पोराला मशीनवर बसवलं. हात हलका, शिलाई सरळ. शाळेचे गणवेश तोच शिवू लागला.

गोरियो त्याच्याहून थोडा मोठा, अंगाने दांडगा. एका जत्रेच्या दिवशी त्याने आणि त्याच्या टोळक्याने एलिसेओला उचललं आणि बास्केटबॉलच्या खांबावर, हुकाला कॉलरने अडकवून दिलं. समोरून मिरवणूक चालली होती, बँड वाजत होता.

“बघा रे, हीर वाळत घातलीय!” गोरियो ओरडला.

मिरवणुकीतली माणसंसुद्धा हसली. सदरा फाटला तेव्हा तो खाली पडला. घरी येऊन त्याने तो सदरा शिवला आणि दुसऱ्या दिवशी पास्तोरच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिला.

“काय उचलणार तू?” पास्तोरने विचारलं.

“जे असेल ते.”

“आधी ही नुसती दांडी उचल. आणि मानांगकडे जाऊन अंडी खा.”

तिथली वजनं म्हणजे सिमेंट ओतलेले डबे आणि मोडक्या ट्रकची दातेरी चाकं. एलिसेओ रोज जायचा. ताप असला तरी जायचा. पहिल्या वर्षी काही दिसलं नाही. मग मान भरली, खांदे रुंद झाले. आपलेच सदरे उसवून त्याला कापड जोडावं लागायचं. शेवटी दंड असे झाले की सुईत दोरा ओवताना त्याला कोपर टेबलाबाहेर काढावं लागे.

हीर हे नाव कधी गळून पडलं ते कळलं नाही. लोक त्याला ‘बॉस’ म्हणायला लागले. जत्रेत चर्चमधल्या देवमातेच्या पालखीचा पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर आला. भाडेकरूशी वाद झाला की घरमालक त्याला बोलावून न्यायचा. “तू काही बोलू नकोस, नुसता उभा राहा.” तो जाऊन उभा राहायचा. वाटेत माणसं न विचारता त्याचा दंड दाबून बघायची. “खरा आहे का रे?” माप द्यायला आलेले पुरुष श्वास रोखून छाती फुगवायचे, त्यामुळे मापं चुकायची. जीपनीत, त्या सवारीच्या गाडीत, त्याच्या शेजारी बसायला मात्र कुणी तयार नसायचं.

औषधांच्या दुकानातली तेरेसिता काही दिवस त्याच्याभोवती घुटमळत होती. मग एकदा माझ्याकडे येऊन बसली.

“मानांग, तो हो आणि नाही एवढंच बोलतो गं. मी काय भिंतीशी लग्न करू?”

तिने दुसऱ्याशी केलं. नवऱ्याचा लग्नातला बारोंग सदरा एलिसेओनेच शिवला.

“वाईट वाटलं का रे तोतो, पोरा?” मी विचारलं.

“कापड चांगलं होतं,” तो म्हणाला.

पुढे गोरियो परत आला. बरीच वर्षं जहाजावर होता. यकृत बिघडलं म्हणून त्याला उतरवून दिलं होतं. डोळे पिवळे, गालांचे खड्डे. माझ्याकडे बाचॉयचा, शेवयांच्या सुपाचा, वाडगा पुढ्यात घेऊन बसला होता, तेवढ्यात एलिसेओ आत आला. कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, “आता मजा बघा.”

गोरियो उठून उभा राहिला. “बॉस! ओळखलंस का? लहानपणी आपण मस्करी करायचो…” तो हसत होता, पण एक पाऊल मागे सरकला.

एलिसेओने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“पँट ढगळ झालीय तुझी.”

“हो ना. दोरीने बांधतो.”

“दुकानात ये. आत घेऊन देतो.”

अर्धी गल्ली त्यांच्यामागे गेली. मला माझ्या चुलीपासून सगळं दिसत होतं. एलिसेओने कमरेभोवती टेप नेला तसे गोरियोने दोन्ही हात वर केले आणि डोळे मिटले. एलिसेओने खडूची खूण केली, टेप गुंडाळला, “उद्या ने” म्हणाला. झालं. माणसं हिरमुसली.

“एक तरी ठेवून द्यायची होतीस!” पास्तोर म्हणाला.

“कशाला?”

नंतर तो माझ्याकडे जेवायला बसला.

“मानांग, इतकी वर्षं दांडी उचलताना मी त्याचंच तोंड डोळ्यांसमोर आणायचो. आज हाताला त्याच्या बरगड्या लागल्या.”

“मग?”

“मग काही नाही.”

“राग?”

“नाही.”

“दया तरी आली?”

खिशात काही चाचपडावं तसा तो थांबला. “ती पण नाही. भात वाढ.”

गोरियो ती पँट घालून बहिणीकडे बाकोलोदला गेला. काही महिन्यांनी तो वारल्याचा निरोप आला. मीच एलिसेओला सांगितलं. त्याने मशीनवरचा पाय थांबवला, तुटलेला दोरा ओवला आणि पुन्हा पाय मारू लागला.

त्यानंतर काही आठवडे तो शेडमध्ये गेला नाही. ठरवून नव्हे, नुसता दुकानात बसून राहायचा. लोकांनाच घोर लागला. “आजारी आहेस का? उतरलास!” पालखीवाले येऊन म्हणाले, “बॉस, जत्रा तोंडावर आलीय, अंग सांभाळ.” अंग म्हणजे जणू गावाची वस्तू. मग एके दिवशी तो पुन्हा मागच्या शेडमध्ये दिसला.

“का रे गेलास परत?” मी विचारलं.

“तिथे कुणी काही बोलत नाही. धर म्हणतात, सोड म्हणतात. बरं असतं.”

आता त्याने चाळिशी ओलांडली आहे. लग्न केलं नाही, आईनेही विचारायचं सोडलं. पास्तोरचे गुडघे गेले तेव्हा शेडची किल्ली एलिसेओकडे आली. नव्याने येणाऱ्यांना तो पाठ सरळ कशी ठेवायची ते दाखवतो. कशासाठी आलात, हे कुणालाच विचारत नाही.