सुनावणीतून उठलेल्या अनिताताई

वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये अनिताताई एकट्याच राहायच्या. नवरा गेलेला, मुलगी नागपूरला. वकिली थांबवल्यावर त्यांची बारामतीला पाणीवाटप न्यायाधिकरणावर नेमणूक झाली. शेतकऱ्यांचे कालव्याच्या चारीतल्या पाण्याचे तंटे तिथं तिघं सदस्य ऐकायचे. तेव्हापासून ताईंनी लग्नं, बारशी, हळदीकुंकू सगळं बंद केलं. आज ज्याच्या पंगतीला बसावं, तोच उद्या समोर उभा राहायचा.

जवळच्या अंथुर्णे गावी चंद्राबाईकडं जाणं तेवढं सुटलं नव्हतं. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. आठवडाभराचं साठलेलं बोलणं ताई तिथं चहा पिता पिता बोलून घ्यायच्या.

मग बिरदेव आणि विजयसिंह या दोन शेतकऱ्यांचा वाद सुनावणीला आला. चारी एकच, आधी पाणी कुणी घ्यायचं, यावरून भांडण. पहिल्याच तारखेला विजयसिंह उभा राहिला.

"ताई, तुमी चंद्राबाईच्या घरी येता. बिरदेव तिचा चुलतभाचा हाय."

ताईंना हे नातं ठाऊक नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "इतक्या लांबच्या नात्यानं काही अडत नाही. तुम्ही बसा."

ताईंनी विजयसिंहलाच विचारलं, "मी अन्याय करीन असं वाटतं तुम्हाला?"

"न्हाय वाटत," तो म्हणाला. "पण निकाल माझ्या विरोधात गेला, तर त्या घरचा चहा मला जन्मभर दिसत राहील."

ताईंनी फाईल मिटून अध्यक्षांकडं सरकवली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या. त्यांना राग आला होता. आपलं मन साफ आहे हे त्यांना माहीत होतं, पण त्या माणसाचंही चुकलेलं नव्हतं.

उरलेल्या दोघांनी निकाल विजयसिंहच्या बाजूनं दिला.

पुढच्या रविवारी ताई अंथुर्ण्याला गेल्या. चंद्राबाईनं पाणी दिलं, पण ती उभीच राहिली.

"तू बसली असतीस, तर बिरदेवला पाणी मिळालं असतं."

"कागद बघून मीही कदाचित हाच निकाल दिला असता."

"आमच्या माणसाच्या विरोधात? मग इतकी वर्सं हितं येत हुतीस कशाला?"

विजयसिंहला जी भीती होती, तीच चंद्राबाईची आशा होती. चहा न घेताच त्या परतल्या.

त्या अजूनही बारामतीला जातात, लोकांचं शांतपणे ऐकून घेतात, दुपारी आपल्या खोलीत एकट्याच डबा उघडतात. दिवाळीत त्यांनी अंथुर्ण्याला फोन लावला. चंद्राबाई "बरी हाय" एवढंच म्हणाली. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.