पाईक माशाचे साहित्य आणि माझे सासरे

गळ टाकून मी आजवर तीन गोष्टी पकडल्या आहेत: दिवाणखान्याचा पडदा, पडद्याखाली बसलेले सासरे आणि मी स्वतः. हा क्रम चढत्या गंभीरतेचा आहे, हे जाणकारांच्या लक्षात येईलच.

मी शारजातील एका भारतीय शाळेत बावीस वर्षे गणित शिकवतो. अल नहदातील एका इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर मी, पत्नी वैशाली आणि बारा वर्षांची कन्या ईरा असे आम्ही राहतो. या हिवाळ्यात वैशालीचे वडील मालवणजवळच्या गावाहून आमच्याकडे आले. सासूबाई गेल्यापासून ते गावी एकटेच असत. त्यांनी निदान तीन महिने आमच्यासोबत काढावेत, ही वैशालीची मनापासूनची इच्छा. मात्र ज्या माणसाने चाळीस वर्षे होडी चालवली, त्याला चौदाव्या मजल्यावर ठेवणे म्हणजे काय, याचा आम्ही विचार केला नव्हता. ते सकाळी खिडकीपाशी बसत आणि संध्याकाळी खिडकीपाशीच सापडत. हसणे तर सोडाच, दहा दिवसांत त्यांनी एकूण चौदा वाक्ये उच्चारली (मी मोजली). चौदावे असे होते:

"वैशू, रविवारचां तिकीट काढ, माका घरी जावचां आसा."

वैशाली स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसू लागली. मी मागोमाग गेलो.

"अहो, काहीतरी करा ना! बाबा एकदा जरी हसले ना, तरी राहतील."

"त्यांना मासेमारीला नेतो," मी म्हणालो.

वैशालीने डोळे पुसणे थांबवले. "पण तुम्हाला कुठे येते मासेमारी?"

"येत नाही. अभ्यास करतो."

येथे माझ्या स्वभावातील एक दोष नमूद करणे आवश्यक आहे. ज्या मजकुराला प्रकरणे, तक्ते आणि शेवटी सारांश असतो, तो मला खोटा वाटूच शकत नाही. नकली मासे लावून शिकारी मासे कसे धरावेत, हे मी संगणकावर शोधले, तेव्हा मला अशी एक मार्गदर्शिका मिळाली की डोळ्यांत पाणी यावे! सात प्रकरणे, अकरा तक्ते, प्रत्येक प्रकरणाखाली उजळणीचे प्रश्न. ती पाईक नावाच्या माशासंबंधी होती. मी ती दोनदा वाचली, टिपणे काढली आणि साहित्याला गुण देणारा माझा स्वतःचा एक तक्ता तयार केला.

ईराने माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिले. "बाबा, पाईक लिव्ह्ज इन कोल्ड लेक्स. लाइक, स्वीडन."

"तत्त्व महत्त्वाचे, बाळ."

"यू आर स्टडीइंग द राँग फिश," असे म्हणून ती निघून गेली. हल्लीच्या मुलांना मूलभूत सिद्धांतांविषयी आदर राहिलेला नाही.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी तो तक्ता घेऊन दुबईच्या देरा भागातील मासेमारीच्या दुकानात गेलो. विक्रेता केरळचा होता, अतिशय सज्जन.

"सर, कौन सा फिश?"

"पाईक."

"वो इधर नहीं है, सर. इधर शेरी है, क्वीनफिश है, बाराकुडा है."

"सिद्धांत सेम है," मी तक्ता पुढे केला.

त्याने तक्ता वाचला. मग माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा तक्ता वाचला. "सर, पहली बार?"

"प्रत्यक्ष पहली बार. अभ्यास हो चुका है."

त्याने एक लांब, हलकी काठी आणि साधे, उघडे रीळ काढले. "ये लीजिए. बच्चा भी फेंक सकता है." माझ्या तक्त्यात मात्र दुसऱ्याच रिळाला सर्वाधिक गुण होते: आखूड, ताठ काठीवर बसवायचे, अंगठ्याने वेग आवरायचे, बंद ढोलासारखे दिसणारे एक तालेवार यंत्र. ते अनुभवी लोकांसाठी असते, असे मार्गदर्शिकेत स्वच्छ लिहिले होते. परंतु गुणदान करताना 'नवशिक्यास सोपे' या निकषाला मी शंभरपैकी पाचच गुण ठेवले होते. मार्गदर्शिका दोनदा वाचलेला मनुष्य नवशिका कसा?

"सर, उस में धागा उलझेगा."

"अंगठा योग्य वेळी टेकवल्यास नहीं उलझेगा. प्रकरण चौथे."

"इन्शाल्ला," विक्रेता म्हणाला. त्याच्या स्वरात मला निरोपाचा भास झाला.

ती काठी, ते रीळ, पाईकच्या दातांनी दोरा तुटू नये म्हणून पोलादी तार, प्रत्येकी तीन तीन आकड्यांचे गळ असलेले दोन नकली मासे, लांब चोचीची पक्कड आणि एक मऊ चटई असा माझा संच पूर्ण झाला.

"किती झाले?" घरी वैशालीने विचारले.

"साडेचारशे दिरहम."

"म्हणजे दहा हजारांच्या वर! अहो, एवढ्यात महिनाभर सुरमई आली असती!"

बुधवारी संध्याकाळी मी फेकण्याचा सराव दिवाणखान्यात ठेवला. सुरुवातीला गळ न लावता साध्या वजनाने सराव करावा, ही सूचना सहाव्या प्रकरणात होती; मी उजळणी पाचव्यापर्यंतच केली होती. मी काठी मागे नेली, अंगठा सोडला आणि नकली मासा सुंदर कमान काढत थेट पडद्यात शिरला. खेचून पाहिले. सुटेना. जरा जोराने खेचले, तेव्हा पडदा, पडद्याचा दांडा आणि भिंतीतील दोन खिळे असे सर्व एकदम खाली आले! नेमके खाली, खिडकीपाशी, सासरे बसले होते.

पडदा थोडा हलला. मग आतून पंधरावे वाक्य आले:

"वैशू, शनवारचां मिळता काय बघ."

वैशालीने माझ्याकडे जसे पाहिले, ते मी येथे लिहीत नाही. शनिवारचे तिकीट मिळत होते. आता माझ्या हाती केवळ शुक्रवार उरला. (शारजात शुक्रवारी शाळेला सुट्टी असते, हे माझे भाग्य, सासऱ्यांचे नव्हे.)

शुक्रवारी पहाटे मी त्यांना अक्षरशः विनवण्या करून ममझरच्या किनाऱ्यावर नेले. रीतसर परवाना, परवानगी असलेला दगडी धक्का, समोर शांत पाणी. सासरे एका दगडावर हाताची घडी घालून बसले. मी साहित्य क्रमाने मांडू लागलो. चटई आली, तसे ते किंचित पुढे वाकले.

"जावयबापू, ह्यां काय?"

"चटई. मासा बाहेर काढल्यावर त्याला इजा होऊ नये म्हणून ती ओली करून त्यावर ठेवायचा. डोळे झाकायचे, म्हणजे तो शांत राहतो. मग पकडीने अलगद गळ काढायचा."

"कोणाक? माशाक?"

"हो."

"आणि मगे?"

"मग सोडून द्यायचा."

सासऱ्यांनी चटई बोटांनी दाबून पाहिली. "धरूचो, चटयेर निजवूचो आणि सोडूचो. मगे तेका उठवूचो कित्याक?"

या प्रश्नाचे उत्तर अकराही तक्त्यांत नव्हते. मी पहिली फेक केली. नकली मासा जेमतेम दहा पावलांवर पडला, परंतु रीळ मात्र फिरतच राहिले आणि पाहता पाहता त्यावर दोऱ्याचे एवढे मोठे घरटे तयार झाले! ते सोडवण्यात चाळीस मिनिटे गेली. दुसरी फेक सरळ वर गेली आणि सरळ खाली आली. मी चपळाईने बाजूला झालो, एवढेच तिच्याविषयी चांगले बोलता येईल. शेजारी गळ टाकून बसलेला एक इजिप्शियन गृहस्थ आपली बादली उचलून थोडा दूर जाऊन बसला.

तिसऱ्या फेकीसाठी मी सर्व शक्ती एकवटली. काठी पाठीमागे नेली, पुढे झोकली आणि ती मध्येच अडली. काहीतरी जड लागले होते! अशा वेळी काय करायचे, हे मला तोंडपाठ होते: 'भार जाणवताच क्षणाचाही विलंब न लावता काठीला जोरदार हिसका द्यावा, म्हणजे गळ खोलवर रुततो.' मी क्षणाचाही विलंब लावला नाही. मार्गदर्शिकेचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले.

"बाबा, लागला!" मी किंचाळलो.

"खंय?" सासरे पाण्याकडे पाहत उठले.

"मागे!"

"यल्ला, हबीबी! बिग फिश!" इजिप्शियन गृहस्थ ओरडला. मग त्यालाही दिसले, आणि तो बादलीवर बसकण मारून पोट धरून हसू लागला.

सासरे माझ्याभोवती एक फेरी मारून आले. त्यांनी माझ्या पँटच्या मागच्या बाजूचे, आणि पँटच्या आतील बाजूचेही, शांतपणे निरीक्षण केले. मग त्यांनी चटई उचलली, समुद्राच्या पाण्यात बुडवली आणि दगडांमधल्या सपाट जागेवर पसरली.

"पालथे पडा."

"बाबा, चटई माशासाठी..."

"पडा म्हणतंय मां!"

मी पडलो. त्यांनी खांद्यावरचा पंचा माझ्या तोंडावर टाकला. "डोळे झाकले काय शांत ऱ्हवता म्हणालात तुमी." मग लांब चोचीची पक्कड घेऊन एकेक गळ इतक्या हळुवारपणे काढला, की मार्गदर्शिका लिहिणाऱ्यानेही टोपी काढावी. शेवटचा गळ निघाला, तेव्हा पंच्याखालून मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"झाला. आता सोडूचो काय?"

आणि ते हसले! आधी नाकातून, मग घशातून, मग असे, की त्यांना दगडाचा आधार घ्यावा लागला. मी पालथा पडल्या पडल्या ते हसणे ऐकत होतो. मला दुखत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच दुखण्याला अर्थ आहे असे वाटत होते.

पुढचा भाग त्यांचा होता. त्यांनी पोलादी तार काढली, नकली मासा काढला, इजिप्शियन गृहस्थाकडून खुणांनीच एक लहान गळ आणि मूठभर कोळंबी मिळवली आणि दोरा हातानेच पाण्यात सोडला. अर्ध्या तासात तीन शेरी बाहेर! एक त्यांनी त्या गृहस्थाला दिली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी दोघे माझ्याविषयीच बोलत होते, हे मला स्पष्ट कळत होते.

परतताना धनुर्वाताचे इंजेक्शन घेण्यासाठी दवाखान्यात जावे लागले.

"क्या लगा?" परिचारिकेने हिंदीत विचारले.

"मासा."

"कौन सा मासा?"

"प्लास्टिकचा."

तिने ते जसेच्या तसे लिहून घेतले.

घरी सासऱ्यांनी स्वतः मासे साफ केले. तळणीच्या वासाने आणि त्यांच्या गोष्टीने घर भरून गेले. (मी उभ्यानेच जेवलो.) ईरा आजोबांना पुन्हा पुन्हा म्हणत होती, "वन मोअर टाइम, आजोबा! द मॅट पार्ट!" आणि आजोबा दर वेळी मला थोडा अधिक उंच उडवत होते. शेवटी ते लेकीला म्हणाले, "वैशू, तां तिकीट रद्द कर. ह्येंका एकट्यांक दर्यार सोडून मी कसो जाव? शिकवूक होयां. धरूक शिकले काय जातंय."

त्यानंतर वैशाली मला हळूच स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिचे डोळे पुन्हा भरले होते, पण या वेळी ती हसत होती.

"अहो, एक मागू? नाही म्हणू नका."

"माग."

"शिकू नका."

बावीस वर्षे मी विद्यार्थ्यांना उत्तीर्ण होण्याचे मार्ग सांगत आलो. अनुत्तीर्ण राहण्याची जबाबदारी माझ्यावर प्रथमच आली. आज नववा आठवडा आहे. दर शुक्रवारी सासरे मला नव्या उमेदीने ममझरला नेतात, हात धरून शिकवतात, आणि माझ्या गळाला अद्याप एकही मासा लागलेला नाही. वैशाली म्हणते, तुमच्यासारखा समजूतदार नवरा मिळायला भाग्य लागते. तिला अजून कोणी सांगितलेले नाही, की मी पहिल्या दिवसापासून अगदी मनापासून प्रयत्न करतो आहे!