कुठे की कुठं

शाळेत कविता वाचायला जायचं तर माझे तीन नियम असतात. कविता आठवडाभर आधी शाळेत पोचली पाहिजे. सत्कार करायचाच असेल तर शेवटी करायचा. आणि मुलं सतरंजीवर बसणार असतील तर मीही सतरंजीवरच बसणार, गुडघे काय म्हणतात ते घरी गेल्यावर ऐकून घेते. पहिल्या नियमासाठी मी औरंगपुऱ्यातल्या दुकानातून झेरॉक्स काढते आणि पाकिटावर लिहिते, 'मुलांना द्यावे, कपाटात ठेवू नये.' हे लिहायला अनुभवानं शिकले.

एकदा कन्नडच्या पुढं, घाटाजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले होते. तिथल्या मुख्याध्यापक सरांनी पाकीट खरोखरच कपाटात ठेवलं नव्हतं. आजूबाजूच्या शाळांचा मिळून बालमेळावा व्हायचा होता आणि त्यात चौथीतली एक मुलगी माझी कविता म्हणणार असं त्यांनी ठरवलं होतं. कविता नव्या पुस्तकातली, पुस्तक छपाईला निघालेलं. मी म्हटलं, ऐकू या.

मुलगी उभी राहिली, हात मागं बांधले आणि खणखणीत सुरुवात केली.

शेळी माझी गेली कुठं?
डोंगरात धुके उठे

आणि थांबली. पुन्हा सुरुवातीपासून म्हणाली, पुन्हा तिथंच अडली. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"कुठं नाही, कुठे," सर म्हणाले. "आठवडाभर हेच सांगतोय मॅडम. शुद्ध बोलणं जिभेवर बसतच नाही यांच्या."

तिनं "कुठे" म्हटलं. तहसीलमधल्या साहेबाला नाव-गाव सांगावं तसं म्हटलं आणि पुढची ओळ विसरली.

"बस खाली. आता दुसरं कुणीतरी म्हणेल."

ती बसली नाही. "मला पाठ हाय सर. सगळी पाठ हाय. ते जुळंना फकस्त."

तिचे डोळे भरले होते, पण ती सांगत होती ते अगदी बरोबर होतं. 'कुठे'ला 'उठे' शहरातल्या शाळांत छान जुळायचं. इथं 'कुठे' कुणी म्हणत नव्हतं. घरी मीही 'कुठं'च म्हणते, कागदावर मात्र 'कुठे' उतरतं. मी त्या क्षणी ठरवलं की मेळाव्यात कविता हीच मुलगी म्हणणार. उठले, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'शेळी माझी गेली कुठं?'

"याला जुळणारं सांगा."

"मॅडम, कविता छापायला निघालीय ना?" सर म्हणाले.

"निघालीय. छापली नाही अजून."

मग वर्गातून शब्द सुटायला लागले. "खोटं!" "ओठं!" "गोठं!"

"गोठं काय रे, गोठा!" सरांना राहवेना.

"मोठं!" खिडकीपाशी बसलेला एक जण ओरडला.

"काय मोठं?" मी विचारलं.

"शिंग!"

"तुझं डोस्कं!" शेजारच्यानं त्याला हाणलं.

मुलगी अजून उभीच होती. ती म्हणाली, "पोट. पोट तिचं लई मोठं."

सगळे हसले. मी विचारलं, "का गं, फार चरली का?"

"नाय वो मॅडम, गाभण हाय ना ती. गाभण शेळी अशीच जाती एकलीच. आमची बोरीखाली जाऊन बसती."

सर खाकरले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "मेळाव्याला शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर गाभण वगैरे बरं दिसत नाही."

"तो शब्द कवितेत नको तर नको. पण शेळी आता गाभण आहे सर. तिला परत धुक्यात पाठवता येणार नाही."

तेवढ्यात खिचडीचा वास आला आणि ताटल्या वाजायला लागल्या. मी दारात जाऊन उभी राहिले. शेवट झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

"खिचडी निवती ना मॅडम!"

"मग लवकर जुळवा."

'बोरीखाली दिसतं काय?' ही ओळ मुलींच्या रांगेतून आली. 'दोन करडं' कुणीतरी म्हणालं आणि गाडी अडली. मी खडू धरून थांबले.

"आठ पाय," सर म्हणाले. आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागले.

वर्गानं बाकं बडवली. खिचडीनंतर सर माझ्याकडे आले. म्हणाले, "ते 'लई' काढून 'खूप' करा. अक्षरं तेवढीच बसतात, मोजून बघा." बसत होती. मी म्हटलं, "म्हणणारी ती आहे. तिला ठरवू द्या."

संध्याकाळी प्रकाशकांना फोन केला. ते म्हणाले, "प्रूफं झालीत, मॅडम." म्हटलं, "पुन्हा करा."

मेळाव्याला मला कुणी बोलावलं नव्हतं. मी कन्नडहून जीपनं गेले आणि मांडवात मागं बसले. माइक उंच होता, सरांनी तो वाकवून मुलीच्या तोंडाशी आणला. तिनं 'कुठं' अशी हाक घातली की माळावर शेळी असती तर परतली असती.

शेळी माझी गेली कुठं?
पोट तिचं लई मोठं
बोरीखाली दिसतं काय?
दोन करडं, आठ पाय!

टाळ्या पडल्या. साहेब माणूस प्रेमळ होता. ते म्हणाले, "छान हं बाळ. फक्त 'लई' नाही म्हणायचं. 'खूप' म्हणावं. खूप मोठं."

मुलगी माइकपाशीच होती, त्यामुळं तिचं उत्तर साऱ्या मांडवाला ऐकू गेलं.

"खूप नाय सर. दोन व्हती ना पोटात. लईच व्हतं."

मांडव हसला, साहेबही हसले. सर लगबगीनं माइककडे निघाले. आता हे माफी मागणार, असं वाटून मी उठून उभी राहिले.

सरांनी माइक आणखी थोडा वाकवला. "पुन्हा एकदा म्हण," ते तिला म्हणाले. "मागच्यांना नीट ऐकू गेलं नाही."