शिडीपासून सातवी

चौतीस वर्षं गिलावेवाला बायकोला एकच गोष्ट सांगत आला होता. "तुला मी छतावर बसवलंय." आणि चौतीस वर्षं तिचं उत्तरही एकच होतं. "मग उतरवा एकदा. धुणं पडलंय."

छत होतं जुन्या जकात कचेरीच्या दालनाचं. त्याच्या कडेनं फेर धरून बायकांचे चोवीस चेहरे, चुन्यात घडवलेले, एकाच साच्यातले, सारखेच कंटाळलेले. त्यातला एक गळून पडला तेव्हा याला बोलावलं. साहेब म्हणाले, शेजारचा बघून तसाच कर. हा परांचीवर पाठ टेकून अकरा दिवस झोपला, नाकापासून वीतभर अंतरावर ओला चुना, आणि शेजारणीकडे ढुंकूनही न बघता त्यानं घरचीचा चेहरा केला. साहेबांनी खालून पाहिलं आणि पसंतीची मान डोलावली. दारावरचा पहारेकरी बायकोला आत सोडेना. पुढे कचेरी हलली, इमारतीला कुलूप लागलं. पुरावा आत, बायको बाहेर.

गेल्या आठवड्यात त्या दालनात कॉफी हाऊस उघडलं.

"चला," बायको म्हणाली. ती शिवणकाम करते. सुई अजून स्वतःच ओवते. "लागू दे सोक्षमोक्ष. छतावर मी निघाले तर तुमचं सगळं खरं. नाही निघाले तर ही गोष्ट पुन्हा काढायची नाही. नातवंडांसमोरसुद्धा नाही."

त्यानं दोनदा दाढी केली.

आत भाजलेल्या बियांचा वास. ज्या जाळीच्या खिडकीतून कारकून माणसांना परत पाठवायचे, तिथून आता कॉफी मिळत होती. कॉफी आणणारी मुलगी कप ठेवून गेली, तशी बायकोनं बशीतला चमचा उचलून न्याहाळला.

"अगदी असाच होता माझा. सहा चमच्यांतला सहावा. तुमच्या धाकट्या बहिणीनंच ढापला तो."

"पुरे गं."

"बरं. कुठली मी?"

"शिडीपासून सातवी," तो ऐटीत म्हणाला.

"शिडी कुठंय?"

त्यानं चारी कोपरे पाहिले. इतकी वर्षं मनात मोजत होता, शिडीपासून सातवी, शिडीपासून सातवी. पण शिडी काम संपल्याच दिवशी गाडीवर चढून निघून गेली होती, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ताई," त्यानं मुलीला विचारलं, "इथं एक शिडी असायची. कुठल्या दारापाशी?"

"मी सोमवारपासूनच आहे हो, काका."

दारं तीन. पहिल्या दारापासून सातवी मोजली.

"ही तुमची आत्या आहे," बायको म्हणाली.

दुसऱ्या दारापासूनची निघाली ओल चढून मिशी फुटलेली. मग दोघं कप हातात धरून, माना मागे टाकून दालनभर फिरू लागली. एका वकिलानं पाय आखडून घेतले. कुणीतरी म्हणालं, खिडकीवरची बघा! दुसरं म्हणालं, छे, काकूंचं नाक बारीक आहे. टेबलाटेबलांवरून कौल येऊ लागले. कॉफी बशीत, बशीतून बाहीवर. चोवीस बायका वर गरगरत होत्या की खाली हे दोघं, काही कळेना. बायको हसता हसता एका खांबाला धरून उभी राहिली.

तो मात्र थांबला. साहेबांनी सांगितलं तसंच केलं असेल तर? शेजारचीचीच नक्कल उतरवली असेल, आणि बाकीचं सगळं परांचीवरून खाली आल्यावर, एकेका वर्षानं घडवत नेलं असेल तर?

तो खुर्चीत बसला. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचं हसू आवरलं.

"अहो, तुम्ही ते काम उभ्यानं केलंत का?"

"नाही. झोपून."

"मग उभ्यानं कसं सापडेल? झोपा."

"इथं?"

"फरशी स्वच्छ आहे. नसली तर धुणार मीच आहे."

एकाहत्तर वर्षांचा गिलावेवाला दालनाच्या मधोमध आडवा झाला. पाठ टेकली आणि दिशा जाग्या झाल्या. उजेड डाव्या कानाकडून यायचा. तो तसा वळला. तळव्यांना वाऱ्याची झुळूक लागायची, मागच्या दाराची. लागली. शिडी तिथंच! बोट हवेत आपोआप उठलं, एक, दोन, तीन. सातपर्यंत तो पाठीवरच सरकत गेला. लोक खुर्च्या हलवून वाट देत होते.

"ये," तो म्हणाला. "इथं."

ती पदर सावरून त्याच्या शेजारी झोपली.

उभ्यानं सगळ्या सारख्या दिसत होत्या. खालून, अगदी सरळ खालून, सातवीच्या डाव्या गालावर खळी होती. तेवढ्या एकीच्याच.

तिनं स्वतःच्या डाव्या गालाला बोट लावून पाहिलं.

"मी हसतेय," ती हळूच म्हणाली. "बाकी कुणीच हसत नाहीये."

"मग? सांगत नव्हतो?"

"सगळं खरं तुमचं. हरले." तिनं डोळे पुसले. मग कोपरावर उठली. "खळी कशानं पाडलीत हो?"

तो छताकडे बघत राहिला.

"अहो."

"चमच्यानं."

"कुठल्या?"

त्यानं दोन्ही हातांची मिळून सहा बोटं वर केली.

"चौतीस वर्षं!" ती ओरडली. "चौतीस वर्षं मी तुमच्या बहिणीला घरी आली की चमचे मोजून दाखवतेय!" आणि हसू इतकं अनावर झालं की ती पुन्हा फरशीवर आडवी पडली, गालावर खळी घेऊन.

दुसरी कॉफी घेऊन आलेली मुलगी एकदा वर बघत होती, एकदा खाली.

"काका," ती म्हणाली, "कॉफी खालीच देऊ का?"