बिनवासाची पावडर

युरियाच्या वासाने मामांचा जीव वीस वर्षे विटलेला होता. ते एका छोट्या कारखान्यातले भट्टीवाले. टायटॅनियमच्या भुकटीबरोबर युरिया तापवायचा, त्यातून सुटणारा नायट्रोजन धातूत शिरायचा आणि करडी भुकटी सोनेरी होऊन बाहेर यायची. उरलेला वायू नळीने पाण्याच्या पिंपात. पिंपाचे झाकण काढले की न धुतलेल्या मुतारीत तोंड घातल्यासारखे वाटे. नळीत बसलेला पांढरा थर खरवडायचा तोही मामांनीच. घरी बायको दारातच अडवी, "आधी अंघोळ, मग आत."

भिंतीपलीकडच्या खोलीत त्यांची थोरली बहीण, अक्का, भट्टीतल्या ताटल्या आम्लाच्या पाण्यात घासे. ती हसे, "नाक राजाचं आणि नशीब मुतारीचं!"

मामांनी साहेबांच्या मागे भुणभुण लावली. "दुसरं काहीतरी आणा हो. शिसारी येते."

एका सकाळी साहेबांनी डबा पुढे केला. "घ्या मामा, खास तुमच्यासाठी. वास अजिबात नाही, नायट्रोजन भरपूर."

मामा हरखले. पण नव्या मालाचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची त्यांची सवय होती. कवटीचे चित्र. सोडियम अॅझाइड. आम्लात पडल्यास जीवघेणा वायू. तांब्याच्या नळात साचल्यास स्फोट.

पलीकडून घासण्याचा आवाज येत होता. अक्का टबावर वाकून घासायची, अगदी तोंड पाण्याला लागेल इतकी. आणि त्या टबाचे पाणी वाहून नेणारा नळ तांब्याचा.

मामा डबा तसाच बंद, हात लांब धरून, साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.

"अहो, तापलं की सगळं उडून जातं," साहेब म्हणाले.

"आणि न उडालेलं ताटलीला चिकटून माझ्या बहिणीकडे जातं."

"वासाची तक्रार तुमचीच होती ना?"

हे मात्र वर्मी लागले. स्वतःच्याच नाकाची मामांना किळस आली. या नाकाच्या नखऱ्यापायी ही ब्याद दारात आली होती.

"होती. चुकलो. युरिया घाण आहे, पण लांबून बोंबलत येतो. माणूस खिडकी तरी उघडतो. हे केसानं गळा कापतं." मामांनी हातमोजे डब्याशेजारी ठेवले. "हे वापरायचं असेल तर भट्टी तुम्ही लावा."

साहेबांना भट्टी लावता येत नव्हती. ते बराच वेळ कागद वाचत बसले. मग त्यांनी पुरवठादाराला फोन लावला, डबा घेऊन जायला सांगितले आणि हातमोजे मामांकडे सरकवले.

दुपारी मामांनी पिंपाचे झाकण काढले. भपकारा थेट टाळूला लागला आणि डोळ्यांत पाणी आले.

अक्का दारात उभी होती. "बिनवासाचं आलं होतं म्हणे?"

"परत पाठवलं."

"का रे? जन्मभर रडलास ना यासाठी?"

मामांनी हातानेच तिला लांब हो म्हणून खुणावले आणि नळीत सळई घातली.